माय फाटकाबाहेर उभी आहे

(औरंगपुऱ्यात झालेल्या पालक आणि युवकांच्या बैठकीतल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे तोंडातून आलं ते बहुतेक तसंच ठेवलं आहे. शिव्या तेवढ्या कमी केल्या आहेत.)



मला इथं उभं केलंय खरं, पण मी काही भाषणबाज माणूस नाही. मुंबईच्या गोदीत कंत्राटी कामगार आहे. मॅट्रिक झालो, त्याच साली बाप वारला, आणि पाठ मोकळी होती ती पोत्याखाली गेली. कविता लिहितो म्हणून लोक बोलावतात. पण आज कविता वाचणार नाही. कवितेला टाळ्या पडतात आणि टाळ्या वाजवून माणूस घरी जाऊन झोपतो. आज मला तुम्हाला झोपायला पाठवायचं नाही. उद्या सकाळी अकरा वाजता जिल्हा परिषदेत पाठवायचंय. लांब नाही. ह्याच औरंगपुऱ्यात आहे. भाजीमंडईत मेथीची जुडी घ्यायला येता तेवढीच चाल.

विषय साधा आहे. आपलं लेकरू शाळेत जातं. शाळेला फाटक असतं. लेकरू आत जातं, फाटक लागतं, आणि आईबाप बाहेर. काही विचारायचं असलं तर विचारायचं कुणाला? वॉचमनला. वॉचमन म्हणतो, परवानगी नाही. कुणाची परवानगी? त्यालाही माहीत नसतं. त्याला वरून सांगितलेलं असतं. आणि हे 'वर' कुठं राहतं ते आपल्या माणसाला हजारो वर्षांत सापडलेलं नाही.

फाटक म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. माझं पोट फाटकावर आहे. मुंबई बंदराच्या फाटकांना रंगांची नावं आहेत. यलो गेट, ग्रीन गेट, ऑरेंज गेट. पास दाखवल्याबिगर आत पाय टाकता येत नाही. केंद्रीय सुरक्षा दलाचा जवान उभा असतो. पास घरी राहिला तर त्या दिवसाची हजेरी गेली. मला त्या फाटकाचा राग येतो का? येतो. पण एक कबूल केलं पाहिजे. तिथं पास कुणाला द्यायचा, किती दिवसांचा द्यायचा, कुणाच्या सहीनं द्यायचा हे लिहिलेलं आहे. नाकारला तर मुकादमाच्या मागं लागता येतं, युनियनच्या कचेरीत जाऊन बोंबलता येतं.

आणि तिथं दुसरंही एक फाटक आहे, पाण्यातलं. इंदिरा गोदीच्या तोंडाशी. ओहोटी लागली की समुद्र मागं सरतो. तेव्हा गोदीतलं पाणी निघून जाऊ नये, उभं जहाज चिखलात बसू नये म्हणून ते फाटक बंद ठेवतात. जहाज आत घ्यायचं असलं की उघडतात. म्हणजे बंद ठेवण्याला कारण आहे. आतलं जपायचं असतं. शाळेच्या फाटकाला मी एवढंच विचारतो, बाबा रे, तू आत कुणाला जपतंस? लेकरांना का संस्थाचालकाला?

आता घरचं सांगतो.

माझी माय ह्याच शहरात एका शाळेत झाडलोट करायची. शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आपण त्या एका शाळेला शिव्या घालून मोकळे होऊ आणि बाकीच्या सुटतील. पहाटे साडेपाचला ती मागच्या दारानं आत जायची. सगळे वर्ग, व्हरांडा, मुताऱ्या, मास्तरांची खोली. हेडमास्तरांच्या खुर्चीवरची धूळ तीच पुसायची. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत तिनं बाहेर पडायचं, असा नियम. मी त्याच शाळेत सहावीत होतो. घटक चाचणीत गणितात आपटलो. मास्तर म्हणाले, पालकाला घेऊन ये. बाप मोंढ्यात हमाल. तो दिवस बुडवून कसा येणार? माय आली. दुपारची आली, पुढच्या दारानं आली, धुतलेलं लुगडं नेसून आली.

शिपायानं फाटकावर अडवली. म्हणाला, "सफाईचं काम सकाळी."

माय म्हणाली, "कामाला न्हाई आले भाऊ. माह्या लेकराच्या मास्तरनं बलावलंय."

"चिठ्ठी दाखव."

चिठ्ठी कुठली असणार? मास्तर तोंडानं बोलले होते. ती फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर. खिडकीतून फाटक सरळ दिसायचं. मी पाहिलं. बाजूच्या पोरानं विचारलं, ती कोण रे? मी म्हणालो, झाडायला येते ती बाई.

एवढंच म्हणालो आणि पुस्तकात मुंडी घातली. तास संपला, माय निघून गेली होती. संध्याकाळी घरी तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. माय आज इथं आलीय, मागच्या रांगेत बसलीय. माय, तू फाटकावर होतीस तेव्हा मी खिडकीत होतो. मला तू दिसत होतीस.

आता पुढचं ऐका.

माझी पोरगी पहिलीत आहे. मी मुंबईत, ती इथं माझ्या मायपाशी राहते. पंचवीस टक्क्यांच्या लॉटरीत तिचं नाव लागलं, इंग्रजी शाळा मिळाली. मी उसने घेऊन वस्तीत पेढे वाटले. दोन महिने झाले आणि पोरगी सांगायला लागली, आमची रांग वेगळी आहे. कुणाची रांग? तर आरटीईवाल्यांची. बघा, आपण नावापुढचं जातीचं आडनाव पुसत पुसत इथवर आलो, आणि त्यांनी नवं आडनाव लावलं. आरटीईवाले.

तिची आजी विचारायला गेली. फाटकावर वॉचमन. "ओ मावशी, बाजूला व्हा, गाड्या येतात." ती म्हणाली, "बाबा, माही नात हाय आत. तिला मागं काहून बसवतेत एवढंच इचारायचंय." तो म्हणाला, "पालकांना आत सोडायची ऑर्डर नाही. ॲपवर टाका." मायपाशी बटणाचा फोन. दोन तास उन्हात उभी राहिली. तेवढ्यात दोन गाड्या आत गेल्या. गाडीतही पालकच होते. त्यांना ॲप विचारलं नाही.

मी देवगिरीनं रातोरात आलो. दोन दिवसांची हजेरी बुडाली. अर्ज लिहून नेला. अर्ज घेतला नाही. पोच मागितली तर म्हणाले, तुम्ही वाद घालता, उद्यापासून तुम्हाला आवारात मनाई. मी म्हणालो, लिहून द्या. म्हणाले, लिहून काय द्यायचं, सांगितलं ना. संध्याकाळी पोरगी मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही शाळेत येऊ नका. मॅडम माझ्याकडं बघतात."

मित्रांनो, माझ्या पोरीला मी खिडकीची गोष्ट कधीच सांगितली नव्हती. ती तिला शाळेनं शिकवली. सहा वर्षांच्या पोरीला शाळेनं पहिला धडा काय दिला? बापाची लाज. ए बी सी डी त्याच्यानंतर. म्हणून मी आज उभा आहे. नाहीतर मला मुंबईत काम पुष्कळ आहे.

आता कुणी म्हणेल, हे एका शाळेचं, एका वॉचमनचं प्रकरण आहे. ह्याच्यात जात कशाला आणता? तर थोडं मागं चला.

१८५६ साली धारवाडात एका महाराच्या पोरानं सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. सरकारनं काय म्हणावं? न्यायानं पाहिलं तर पोराची बाजू खरी आहे, पण एकट्यासाठी शाळेत घेतला तर बाकीची पोरं शाळा सोडतील. म्हणून फाटक बंद. पुढं १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढं दिलेल्या निवेदनात हे प्रकरण मांडलं. सत्तर वर्षांनी. विसरले नाहीत. आपण सत्तर दिवसांत विसरतो.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजीचं नाव पटावर लागलं. भिवाचा बाप कोण होता? सुभेदार. पलटणीच्या शाळेत स्वतः हेडमास्तरकी केलेला माणूस. अख्ख्या पलटणीची पोरं शिकवली त्यानं. पण त्याच्या पोराला वर्गात वेगळं बसवलं, घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं. शिपाई नाही तर पाणी नाही. मी रोज गोणपाट पाठीवर घेतो, म्हणून हे मला कधी विसरता येत नाही. ध्यानात घ्या, शिकलेला बापसुद्धा त्या वर्गात जाऊन एक शब्द बोलू शकला नाही. बाप अडाणी म्हणून बाहेर ठेवतात हे थोतांड आहे. बाप कुणाचा, हे बघून बाहेर ठेवतात.

आणि आपल्या बाजूचाही इतिहास आहे. ह्याच औरंगपुऱ्यात जोतिबा आणि सावित्रीमाईचा पुतळा आहे. १८४८ ला त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढं महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढल्या. त्यांच्याच शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे १८५५ साली महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. त्याच साली जोतिबांनी रात्रीची शाळा काढली. कुणासाठी? शेतात, कामावर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. म्हणजे लेकराच्या आईबापांसाठी. जोतिबांनी आईबापांना फाटकाबाहेर ठेवलं नाही, त्यांच्यासाठी दिवा लावला. आज त्यांच्या पुतळ्याला हार घालणारे संस्थाचालक किती आहेत ते मोजा, आणि त्यांच्या शाळांच्या फाटकांवर काय पाटी आहे ती वाचा.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड ठेवला. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या पोरांना सगळ्यांबरोबर बसवायचा हुकूम काढला. हे मी का सांगतो? राजा बापाला दंड करतो म्हणजे बापाला जबाबदार धरतो. ज्याला जबाबदार धरायचं त्याला दारातून हाकलायचं, हे कसं चालेल?

आज घटनेत तेच आहे. २००२ साली छ्याऐंशीवी दुरुस्ती झाली. कलम २१-क आलं, सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला शिक्षणाचा हक्क. त्याच दुरुस्तीनं कलम ५१-क मध्ये एक नवं कर्तव्य घातलं, आईबापांनी लेकराला शिक्षणाची संधी दिली पाहिजे. कर्तव्य माझ्या मायच्या नावावर लिहिलंय. मग ते पार पाडायला ती गेली की फाटक बंद. म्हणजे नांगर आमच्या मानेवर आणि शेताचा बांध दुसऱ्याचा.

आता कायदा सांगतो. कंटाळू नका. पोथी ऐकायला रात्र जागवणारे लोक आपण, अर्धा तास कायदा ऐकायला काय हरकत आहे? आणि हे सगळं मी वकिलाकडून नाही, गोदीत रात्रपाळीला झापड उडवत वाचलेलं आहे.

शाळा तीन जातींच्या आहेत. होय, शाळांनाही जात आहे.

पहिली सरकारी. जिल्हा परिषदेची, महापालिकेची. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम २१ म्हणतं, शाळा व्यवस्थापन समिती पाहिजे. तिच्यात चारातले तीन सभासद आईबाप किंवा सांभाळणारे पाहिजेत. निम्म्या बाया पाहिजेत. वंचित आणि दुर्बळ घटकांतल्या लेकरांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. ह्या समितीचं काम काय? शाळेच्या कामावर देखरेख करायची, विकासाचा आराखडा करायचा, आलेला पैसा कुठं गेला ते बघायचं. आता मला सांगा, देखरेख करणारा माणूस फाटकाबाहेर उभा राहून देखरेख करतो का? सरकारी शाळेत पालक पाहुणा नाही. तो राखणदार आहे.

दुसरी अनुदानित. संस्था त्यांची, पगार सरकारचा. तिथंही ही समिती आहे, पण २०१२ च्या दुरुस्तीनं तिला फक्त सल्ला द्यायला ठेवलंय. अल्पसंख्याकांच्या शाळांनाही तेच. म्हणजे बोला, पण ऐकायचं का नाही ते आम्ही बघू. तरी तिथं माहितीचा अधिकार चालतो. कायदा २००५ चा. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेवढेही नाहीत, तीस दिवसांत उत्तर. नुसते कागद मागता येतात असं नाही. कामाची, दप्तराची, नोंदींची पाहणी मागता येते. कायद्यात 'पाहणी' हा शब्द आहे. पाहणी डोळ्यानं होते आणि डोळे आत न्यावे लागतात.

तिसरी विनाअनुदानित. आपल्याला जिथं सगळ्यात जास्त अडवतात ती. तिथं कलम २१ ची समिती नाही. हे खरं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या तुम्ही तिथं जाऊन तोंडघशी पडाल. पण महाराष्ट्राचा फी नियमनाचा कायदा आहे, २०११ चा. त्याच्याप्रमाणे खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ करावा लागतो आणि प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. प्रत्येक. गाडीवालाही आणि पायी आलेलाही. कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, संस्थाचालकाच्या मेहुण्याला बसवायचं नसतं. फी ठरवायची तर प्रस्ताव ह्या समितीपुढं आणावा लागतो. तुमच्या शाळेत चिठ्ठ्या कधी टाकल्या? मी इथं हात वर करायला सांगत नाही. मला माहीत आहे, हात वर होणार नाहीत.

पंचवीस टक्क्यांतून आलेल्या लेकरांना वर्गात वेगळं बसवता येत नाही, वेगळ्या वेळी शिकवता येत नाही, हे केंद्राच्या नियमांत आहे. आठवी होईपर्यंत लेकराला शाळेतून काढता येत नाही, हे कलम १६ आहे. म्हणजे बापानं तोंड उघडलं म्हणून पोरीच्या हातात दाखला ठेवता येत नाही. लेकराला मारता येत नाही, मानसिक छळ करता येत नाही, हे कलम १७. आणि हक्क डावलला तर कलम ३२. स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे महापालिकेकडं नाहीतर जिल्हा परिषदेकडं, लेखी तक्रार द्यायची. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यायचा. पटला नाही तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडं अपील.

आणि शेवटचं हत्यार. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. २०१५ ला दुरुस्त झाला, २६ जानेवारी २०१६ पासून लागू. त्याच्या कलम ३ मध्ये गुन्ह्यांच्या यादीत स्पष्ट आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला शिक्षणसंस्थेत जाण्यापासून अडवणं. पण पोरांनो, हे हत्यार उठसूट उपसू नका. वॉचमननं सगळ्यांनाच अडवलं तर तो हा गुन्हा नाही. गाडीवाला आत गेला आणि तुम्हाला जातीवरून बाहेर ठेवलं, जातीवरून बोलला, साक्षीदार आहे, तेव्हा हे कलम. खोट्या जागी वापरलं की खऱ्या जागी बोथट होतं, आणि आपल्या विरोधकांना तेच पाहिजे असतं.

आणि त्या वॉचमनवर हात टाकू नका. तो कंत्राटी आहे, माझ्यासारखा. बहुतेक वेळा आपल्याच नाहीतर आपल्या बाजूच्या वस्तीतला असतो. त्याला एजन्सी महिन्याला किती टेकवते ते त्याला विचारा. गरिबाला गरिबाच्या अंगावर सोडायचं आणि आपण एसीत बसायचं ही ह्या व्यवस्थेची जुनी रीत आहे. आपलं भांडण त्याच्या शिट्टीशी नाही, त्याला शिट्टी देणाऱ्याशी आहे.

आता शाळेची बाजूही ऐकू. त्यांची एक गोष्ट खरी आहे. शाळेत कुणीही उठून शिरू नये. लेकरं आहेत. कुठल्याही कायद्यानं पालकाला वाटेल त्या वेळी वाटेल त्या वर्गात घुसायचा हक्क दिलेला नाही आणि तो मी मागतही नाही. दारू पिऊन बाईंना शिव्या देणारा बापही मी पाहिलाय. अशाला बाहेर ठेवा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

पण सुरक्षेचं नाव घेता ना, तर बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. शाळेच्या आत, शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्यावर चार वर्षांच्या पोरींवर अत्याचार केल्याचा आरोप. आईबाप तक्रार घेऊन गेले तर गुन्हा नोंदवायला पोलिसांनी तास न् तास लावले. २० ऑगस्टला लोक शाळेवर आणि रेल्वेच्या रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. काय कळलं? संकट दर वेळी फाटकाबाहेरूनच येतं असं नाही. ते आत असलं तर त्याला पहिल्यांदा ओळखणारा डोळा आईचा असतो. त्या डोळ्याला बाहेर ठेवून कसली सुरक्षा?

आणि बाउन्सर कुणाच्या सुरक्षेसाठी? मार्च २०२२ मध्ये पुण्यात बिबवेवाडीत एका खासगी शाळेत फीच्या कामासाठी गेलेल्या पालकानं बाउन्सरनं मारल्याची तक्रार पोलिसांत दिली. शाळेत बाउन्सर! आमच्या गोदीत करोडोंचा माल पडलेला असतो, तिथं मी कधी बाउन्सर पाहिला नाही.

सरकारनंही फाटक लावून पाहिलं. ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेनं पंचवीस टक्के घ्यायला नकोत. गुपचूप. आपल्या पोरांना एका ओळीत बाहेर काढलं. पालक कोर्टात गेले. मे महिन्यात उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. माझी पोरगी आज त्या वर्गात, मागच्या रांगेत का होईना, बसलीय ती कुणामुळं? कोर्टात गेलेल्या त्या आईबापांमुळं. मी त्यांना ओळखत नाही. पण त्यांचं देणं लागतो, आणि ते देणं आज इथं फेडतोय.

परदेशातलं एक सांगतो. इंग्लंडातही शाळा पालकाला आवारात यायला बंदी घालू शकते. पण तिथल्या सरकारी मार्गदर्शनात म्हटलंय, बंदी घालायची तर लेखी कळवा आणि पालकाला त्याची बाजू मांडू द्या. आपलं मागणं ह्याच्यापेक्षा मोठं नाही. आणि अमेरिकेत, नोव्हेंबर १९६० मध्ये, न्यू ऑर्लिन्स शहरात रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी पोरगी गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर जमाव शिव्या देत होता. सरकारी मार्शल बरोबर होते. आणि तिची आई बरोबर होती. आई फाटकापाशी थांबली नाही, आत गेली. पहिला अख्खा दिवस मायलेकी हेडमास्तरांच्या खोलीत बसून होत्या. तिच्या बापाची नोकरी गेली. पण पोरगी आत गेली ती आईचं बोट धरून. माझ्या पोरीएवढीच होती.

आता आपली चूक. टाळ्या इथं वाजवू नका.

आपण १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जातो. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जाळली, माणसं मारली. १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्तार झाला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पंधरा-सोळा वर्षं लोकांनी एका नावासाठी दिली. म्हणून त्या गेटला आपण डोकं टेकवतो, बाया लेकरांना उचलून गेट दाखवतात. आणि तीच माणसं पोराच्या शाळेच्या गेटवर मान खाली घालून परत फिरतात! जिल्हा परिषदेच्या शाळेत समितीची बैठक असते तेव्हा आपण कुठं असतो? रजिस्टर घरी येतं आणि आपण सही करतो. न वाचता. कुणाच्या बैठकीला आपण हजर होतो ते आपल्यालाच माहीत नाही. बाईच्या नावावर जागा आणि बोलायला नवरा. हे फाटक वॉचमननं नाही लावलं, आपणच लावलं.

आणि पहिला दोषी मी. मी मायला ओळखलं नाही. नंतर पोरीच्या शाळेतही दोन महिने मीच म्हणत होतो, जाऊ दे, तिला त्रास होईल. भीती होती की मला बोलता येणार नाही, माझ्या हाताचे घट्टे दिसतील. मायला इंग्रजी येत नाही, ॲप येत नाही, तरी ती दोन तास उभी राहिली. मॅट्रिक मी आहे, पण माझ्याआधी ती गेली.

तर उद्यापासून काय करायचं?

एक. तोंडी जायचं नाही. अर्ज दोन प्रतीत न्यायचा, एकीवर पोच घ्यायची. घेत नाहीत तर पोस्टानं पाठवायचा, पावती जपून ठेवायची. गोदीत आम्ही एक म्हण करून ठेवलीय, पावती नाही तर माल नाही.

दोन. आत सोडत नसतील तर लिहून मागायचं. कारण काय, किती दिवस, आणि दाद कुणाकडं मागायची. तोंडी मनाईला आपण मनाई मानायची नाही. पण धक्काबुक्की करायची नाही. तारीख, वेळ, कोण बोललं, बरोबर कोण होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहायचं. लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या पोरांनी लिहून द्यायचं. हे पोरांचं काम. नुसत्या गाडीला निळे झेंडे लावून चालत नाही.

तीन. एकट्यानं जायचं नाही. एकटी बाई गेली तर ती 'मावशी, बाजूला व्हा' असते. दहा बाया गेल्या की त्या 'पालक' होतात.

चार. सरकारी शाळेत समितीच्या निवडीला हजर राहायचं. आपल्या वाट्याच्या जागा मोजून घ्यायच्या. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाची यादी आणि चिठ्ठ्यांची तारीख लेखी मागायची.

पाच. लेकराला सांगायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपण शाळेत भांडायला जातो ते का, हे त्याला घरी बसवून सांगायचं. नाहीतर ते खिडकीतून बघेल आणि मुंडी खाली घालेल.

उद्या अकरा वाजता जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचंय. मागण्या तीन. प्रत्येक शाळेनं पालकांना भेटायचा वार आणि वेळ फाटकावर मराठीत लिहून लावावी. कुठल्याही पालकाला मनाई करायची तर लेखी, कारण देऊन, बाजू ऐकून, मुदत घालून करावी. आणि ज्याच्याकडं ॲप नाही त्याचा कागद घ्यावा आणि पोच द्यावी. ह्यात एक पैसा खर्च नाही. ज्याला एवढंही द्यायचं नाही त्याचा हेतू उघडा पडेल.

निवेदन माझ्या हातून द्यायचं ठरलं होतं. मी नाही म्हणालो. माझी माय देणार आहे. पुढच्या दारानं आत जाईल, दिवसाढवळ्या, पालक म्हणून. मी तिच्या मागं असेन. माझी पोरगी माझ्या खांद्यावर असेल, म्हणजे तिला सगळं नीट दिसेल. आणि कुणी तिला विचारलं, पुढं चाललीय ती कोण, तर काय सांगायचं ते मी तिला शिकवून ठेवलंय.

उद्या या. जयभीम.